पारंपरिक युद्धकला प्रत्यक्ष मारामारीत कितपत उपयोगी पडतात?

घोडबंदरकर

ठाण्यातल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या गृहसंकुलाच्या क्लबहाउसमध्ये संध्याकाळी कराटे किंवा तायक्वांदोचा वर्ग भरतो. गेल्या काही वर्षांत घोडबंदर रस्त्यावर आणि खाडीपलीकडे वाशी-नेरुळला बॉक्सिंग, मुए थाई आणि मिश्र युद्धकला, म्हणजे एमएमए, शिकवणारी केंद्रेही निघाली आहेत, आणि दोन्हीकडची मंडळी एकमेकांविषयी फारसे बरे बोलत नाहीत.

माझी मुलगी नववीत आहे आणि कराटेच्या तपकिरी पट्ट्यापर्यंत पोहोचली आहे. तिच्या वर्गात काता, म्हणजे एकट्याने करायच्या ठरावीक हालचालींच्या मालिका, उत्तम करून घेतात, हवेत ठोसे आणि लाथा मारण्याचा सराव भरपूर होतो, परंतु समोरच्याने खरोखर विरोध करावा आणि त्या विरोधातून आपण वाट काढावी, असे तिथे क्वचितच घडते. कला चांगली असूनही शिकवण्याच्या पद्धतीमुळे ती निरुपयोगी ठरते, असे माझे मत बनत चालले आहे. माझा एक मित्र याच्याही पुढे जातो. पारंपरिक कला ही निव्वळ कवायत आहे, मुलीला सरळ बॉक्सिंगला घालावे, असे त्याचे म्हणणे आहे.

ज्यांनी यांपैकी एखादी कला स्वतः केली आहे, त्यांनी कृपया अनुभवाने सांगावे. अंगावर कोणी धावून आले तर काय उपयोगी पडते? आणि मुलीचे कराटे चालू ठेवावे का?

अष्टकोन

तुमच्या मित्राशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे. १२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेत डेन्व्हर येथे अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिपची, म्हणजे यूएफसीची, पहिली स्पर्धा झाली. वजनगट नव्हते, चावणे आणि डोळ्यांत बोटे घालणे एवढेच प्रामुख्याने वर्ज्य होते, आणि वेगवेगळ्या कलांचे खेळाडू एकमेकांसमोर उभे केले होते. त्यात अंगाने बेताचा दिसणारा, ब्राझिलियन जिउ-जित्सू खेळणारा रॉयस ग्रेसी प्रतिस्पर्ध्यांना जमिनीवर नेऊन एकाच रात्री तीन लढती जिंकून गेला. जमिनीवर काय करायचे हे ज्यांना कोणी शिकवलेच नव्हते, त्यांच्या उभ्याने मारायच्या लाथाठोशांचा तिथे काही उपयोग झाला नाही.

अगदी अलीकडचे उदाहरण हवे असेल तर २०१७ साली चीनमध्ये चेंगडू येथे शू श्याओडाँग या एमएमए खेळाडूने वेई लेई या ताई ची, म्हणजे संथ हालचालींच्या चिनी कलेच्या, शिक्षकाला काही सेकंदांतच खाली पाडले. त्यानंतर तिकडे मोठा गदारोळ उठला, पण त्या लढतीत जे दिसले ते कोणाला खोडून काढता आले नाही. जी कला कधी परीक्षेला बसलीच नाही, तिचे गुण कोणी सांगू नयेत, असे मला मनापासून वाटते.

लाल_माती

ही चर्चा सुरू झाली की पारंपरिक म्हणजे चिनी आणि जपानी असे धरूनच सगळे बोलतात, याचे मला वाईट वाटते. आपली कुस्ती पारंपरिक नाही काय?

आखाड्यात पहिल्या दिवसापासून पोरगा दुसऱ्या पोराशी झोंबतो. जोर, बैठका, सपाट्या हे सगळे अंग तयार करण्यासाठी असते, पण डाव पक्का होतो तो लढतीतच, कारण समोरचा तुम्हाला ढाक किंवा कलाजंग सहजासहजी लावू देत नाही. धोबीपछाड हवेत करून दाखवता येत नाही. त्याला पाठीवर घ्यायला माणूस लागतो, आणि तो माणूस सुटायची धडपड करत असतो. अष्टकोन ज्या परीक्षेविषयी बोलत आहेत, ती आमच्याकडे रोज सकाळी होते.

गामा पैलवान १९१० साली लंडनला गेले तेव्हा पोलंडचा झ्बिश्को त्यांच्यासमोर दोन तासांहून अधिक काळ मॅट धरून पडून राहिला आणि लढत बरोबरीत सोडवावी लागली. १९२८ साली पतियाळाला त्याच झ्बिश्कोला त्यांनी एका मिनिटाच्या आत चीत केले. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले ते मॅटवर, पण त्यांची जडणघडण मातीतली होती. परंपरा आणि परिणामकारकता यांचे वैर आहे, हे गृहीतकच मला मान्य नाही.

मेधा_सानपाडा

लाल माती यांच्या मुद्द्याला जोडून लिहिते. मी महाविद्यालयात असल्यापासून ज्युदो करते आहे.

रॉयस ग्रेसीची जी कला अष्टकोन यांनी आधुनिक म्हणून पुढे केली, तिचा उगम कोठे आहे? कोदोकान या ज्युदोच्या मूळ संस्थेचा ज्युदोपटू मित्सुयो माएदा ब्राझीलला गेला, तिथे त्याने कार्लोस ग्रेसीला शिकवले आणि त्या घराण्याने ती विद्या जमिनीवरच्या लढतीच्या अंगाने वाढवली. म्हणजे १९९३ साली जिंकली तीही एका परंपरेचीच शाखा होती.

ज्युदोच्या इतिहासात या धाग्यातल्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे, असे मला वाटते. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ साली कोदोकान सुरू केले तेव्हा जुजुत्सू या जुन्या जपानी झोंबीच्या कलेच्या अनेक शाखा होत्या, आणि त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी ठरावीक हल्ला व ठरावीक उत्तर अशाच जोड्या घोटल्या जात. कानो यांनी अतिधोक्याचे प्रकार मुक्त सरावातून बाजूला काढले. त्यामुळे उरलेले डाव पूर्ण जोर लावून, विरोध करणाऱ्या जोडीदारावर, रोज वापरता येऊ लागले. या मोकळ्या सरावाला रांदोरी म्हणतात. कागदावर पाहिले तर त्यांनी कला सौम्य केली, पण प्रत्यक्षात त्यांचे विद्यार्थी अधिक चांगले लढू लागले, कारण डोळ्यांत बोट घालण्याचा डाव ज्याने आयुष्यात एकदाही कोणावर वापरलेला नाही, त्याच्यापेक्षा ज्याने तोच साधा फेकीचा डाव हजारो वेळा झटापटीत लावला आहे तो पुढे असतो. "आमची कला इतकी घातक आहे की तिचा खरा सराव करताच येत नाही" असे कोणी सांगितले की माझा विश्वास तिथेच उडतो.

खाडीकिनारा

अष्टकोन, त्याच स्पर्धेत अंतिम फेरी गाठणारा गेरार्ड गोर्डो सवात या फ्रेंच कलेबरोबर क्योकुशिन हे पूर्ण जोराने लढायचे कराटेही केलेला होता, हेही नोंदवायला हवे.

कोपरीचे_कराटेसर

मी अनेक वर्षे कराटे शिकवत आहे, त्यामुळे घोडबंदरकर यांनी वर्णन केलेला वर्ग मला परका नाही. तो असा का झाला, हे सांगण्याचा प्रयत्न करतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी ओकिनावात आन्को इतोसू यांनी कराटे शाळांत नेले. मुलांसाठी त्यांनी पिनान या सोप्या काता रचल्या आणि रांगेत उभे राहून, शिक्षकाच्या हाकेवर एकत्र सराव करण्याची पद्धत रुळली. १९२२ साली गिचिन फुनाकोशी यांनी जपानच्या मुख्य भूमीवर कराटेचे प्रात्यक्षिक दिले आणि पुढे ते विद्यापीठांत पसरले. शिस्त आणि व्यायाम या दृष्टीने ही पद्धत उत्तमच आहे, पण जोडीने धरपकड करत शिकण्याचा जुना भाग तिच्यात मागे पडला. आपल्या क्लबहाउसमधला वर्ग हा या शालेय कवायतीचा वारसदार आहे.

एक उदाहरण देतो. ठोसा मारताना दुसरा हात मूठ वळवून कमरेशी ओढतात, त्याला हिकिते म्हणतात. "यामुळे ताकद वाढते" असे सर्रास सांगितले जाते. वास्तविक तो हात रिकामा नसतो. त्याने समोरच्याची बाही किंवा मनगट पकडून त्याला आपल्याकडे खेचायचे असते, जेणेकरून त्याचा तोल जाईल आणि ठोसा चुकणार नाही. ही गोष्ट जोडीदाराला खरोखर धरायला लावले की मुलांना लगेच उमगते. नाइहांची ही काता तर जवळजवळ सगळी अंगाला अंग भिडलेल्या अंतरावरची आहे, आणि ओकिनावाचे जुने कराटेपटू चोकी मोतोबू यांच्या सरावाचा तीच कणा होती. त्यांनी पन्नाशी ओलांडल्यावर क्योतो येथे एका पाश्चात्त्य मुष्टियोद्ध्याला हरवले होते.

कराटेतल्या गुण मोजून खेळायच्या लढतींबद्दलही लोक सरसकट वाईट बोलतात. त्यांत अंतराची आणि वेळेची जाण येते, ती दुसरीकडे इतक्या लवकर येत नाही. लिओतो माचिदा २००९ साली यूएफसीचा लाइट हेवीवेट विजेता झाला तो याच जाणिवेवर, आणि तो लहानपणापासून वडिलांकडे शोतोकान शैलीचे कराटे शिकलेला होता.

अष्टकोन

सर, हिकितेचे स्पष्टीकरण मला पटले आणि मोतोबूंचा उल्लेखही योग्य आहे. पण माचिदाने कराटेबरोबर ब्राझिलियन जिउ-जित्सूत काळा पट्टा मिळवला होता आणि सुमोही केले होते. कोणी खाली खेचले तर काय, या प्रश्नाचे उत्तर त्याने दुसरीकडून आणले, म्हणूनच त्याचे कराटे उभे राहू शकले. काता समजावून सांगितल्याने लढता येऊ लागत नाही. अर्थ कळणे आणि घाबरलेल्या अवस्थेत, कोणी शर्ट धरून भिंतीवर ढकलत असताना तो हाताला आठवणे, यांत फार मोठे अंतर आहे.

आपल्याकडे २०२४ साली पूजा तोमर यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. ती वुशू या चिनी युद्धकलेतून आली. तिथेही सांदा हा थेट लढतीचा प्रकार आहे आणि नुसत्या प्रात्यक्षिकाचा ताओलू हा वेगळा. दोन्ही एकाच छत्राखाली असले तरी दोन्हींतून लढवय्ये घडत नाहीत.

पट्टेवाला

मी मर्दानी खेळ करतो आणि मुलांना लाठीकाठी शिकवतो. माझे म्हणणे इथल्या बऱ्याच जणांपेक्षा वेगळे आहे.

दांडपट्ट्यात हात कोपराच्या जवळपर्यंत लोखंडी खोबणीत बंद होतो. मनगट वळत नाही, त्यामुळे वार खांद्यातून आणि कमरेतून काढावा लागतो, आणि पात्याचा घेर इतका मोठा असतो की एकटा माणूस भोवतीच्या अनेकांना लांब ठेवू शकतो. ही विद्या रणांगणासाठी घडली आहे. तिला रेल्वे फलाटावरच्या झटापटीच्या मापाने मोजणे अन्यायाचे आहे. २०२४ साली शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला तो मारामारीत उपयोग होतो म्हणून दिलेला नाही. केरळच्या कलरीपयट्टूचेही तेच आहे. तिथे अंगसाधना, लाकडी शस्त्रे, मग धातूची शस्त्रे आणि शेवटी रिकाम्या हाताने लढणे असा क्रम असतो.

तरीही लाठी आजही उपयोगी आहे. छत्री, काठी, झाडूचा दांडा यांतले काहीही हातात आले तर समोरच्याला दोन हात लांब ठेवता येते. मात्र नुसती लाठी फिरवून ते साधत नाही, हे मी माझ्या मुलांना स्पष्ट सांगतो. जोडीने, अंगात जाड अंगरखा आणि डोक्याला शिरस्त्राण घालून, मऊ काठ्यांनी मोकळा खेळ घ्यावा लागतो. तो घेणारे वर्ग फार कमी उरले आहेत, आणि ढोलताशांबरोबरच्या प्रात्यक्षिकांना टाळ्या अधिक पडतात.

लाल_माती

पट्टेवाले, शेवटचा मुद्दा मोलाचा आहे. मिरवणुकीसाठी तयार होणारा गडी आणि लढतीसाठी तयार होणारा गडी वेगळा असतो.

नेरुळची_अपर्णा

मी ठाणे-पनवेल मार्गावरून रोज प्रवास करते. शाळेत असताना मी तायक्वांदो शिकले होते आणि नोकरीला लागल्यावर स्वसंरक्षणाचा एक वर्ग केला होता.

एका रात्री स्थानकाबाहेरच्या पादचारी पुलावर एकाने माझे मनगट धरले. लाथ मारण्याचा विचारही मनात आला नाही. पूल अरुंद होता, खांद्याला बॅग होती, पायांत सपाट चपला होत्या आणि तो माणूस लाथ मारता येईल एवढ्या अंतरावर नव्हताच. मी अंगठ्याच्या फटीच्या दिशेने हात जोरात फिरवून सोडवला आणि मोठ्याने ओरडले. पकड अंगठ्याच्या बाजूला सर्वांत कच्ची असते, हे आम्ही त्या वर्गात जोडीदाराला पूर्ण ताकदीने धरायला लावून करून पाहिले होते. लोकांनी वळून पाहिले आणि तो निघून गेला.

यातून अमुक कला श्रेष्ठ असे मी म्हणणार नाही. तो माणूस निर्ढावलेला असता आणि पूल रिकामा असता, तर एवढ्याने भागले नसते. परंतु धरले जाणे ही गोष्ट मला नवी नव्हती, म्हणून मी गोठून गेले नाही. मुलींना शिकवताना सुरुवात लाथेपासून न करता पकडीपासून करावी, आणि आवाज हा सरावाचाच भाग असावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

खाकीतली_वर्षे

निवृत्तीनंतर प्रथमच या विषयावर लिहीत आहे. वर कोणीही चाकूचा उल्लेख केला नाही, म्हणून लिहितो.

अनेक वर्गांत रबरी चाकू घेऊन एक जण सावकाश एक वार करतो, हात तिथेच थांबवतो आणि दुसरा त्याचा हात पिरगाळून चाकू काढून घेतो. खरा हल्लेखोर हात थांबवत नाही. तो एका हाताने तुम्हाला धरतो आणि दुसऱ्या हाताने पुन्हा पुन्हा खुपसतो. शंका असल्यास पांढरा शर्ट घालावा, जोडीदाराच्या हातात शाईचे जाड पेन द्यावे आणि त्याला मनापासून हल्ला करायला सांगावे. अर्ध्या मिनिटानंतर शर्टाकडे पाहिले की कोणती तंत्रे टिकतात ते समजते. चाकू दिसला की पळावे. पैसे मागत असेल तर द्यावेत. पळणे शक्यच नसेल तर चाकूचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवावा आणि मदतीसाठी ओरडत राहावे. याहून अधिक खात्रीचे जो शिकवतो म्हणतो, त्याच्याकडे मुलांना पाठवू नये.

पाचपाखाडी_वकील

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे आणि खासगी संरक्षणाचा हक्क तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. स्वतःच्या तसेच दुसऱ्याच्या शरीराचे रक्षण करण्याचा हक्क त्यात येतो. मात्र कलम ३७ प्रमाणे संरक्षणासाठी आवश्यक त्यापेक्षा अधिक इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घेण्याइतका अवधी असेल तर हा हक्क उरत नाही. जीव जाण्याची, गंभीर दुखापतीची, बलात्काराची, अपहरणाची किंवा आम्लहल्ल्याची वाजवी भीती असेल तर कलम ३८ अधिक व्यापक संरक्षण देते.

व्यवहारात याचा अर्थ असा की समोरचा खाली पडला किंवा पळू लागला की आपला हात थांबला पाहिजे. पडलेल्याच्या डोक्यावर लाथ मारण्याचा सराव एखाद्या वर्गात अंगवळणी पाडला जात असेल, तर तो वर्ग विद्यार्थ्याला आरोपी होण्याच्या वाटेवर नेतो आहे. या बाबतीत धरून ठेवणाऱ्या कला, म्हणजे कुस्ती आणि ज्युदो, मला अधिक सोयीच्या वाटतात, कारण त्यांत किती जोर लावायचा हे शेवटपर्यंत आपल्या हातात राहते.

अष्टकोन

वकीलसाहेब, समोर दोन-तीन जण असतील तर धरून ठेवणे धोक्याचे असते, कारण एकाला धरेपर्यंत दुसरा मागून मारतो. तिथे उभे राहून, मार चुकवत बाहेर निसटणे हेच हिताचे असते, आणि ते पायांचे काम बॉक्सिंग सर्वांत लवकर शिकवते. म्हणून मी आजही बॉक्सिंगच्याच बाजूने आहे.

ऐरोलीचा_अस्थितज्ज्ञ

बॉक्सिंगच्या शिफारशीला मी एक पुस्ती जोडतो. उघड्या मुठीने कवटीवर ठोसा मारणाऱ्यांची करंगळीखालची तळहाताची हाडे मोडलेली आम्ही नेहमी पाहतो. मुठीवर समोरच्याचा दात लागून झालेली जखम दिसायला लहान असते, पण सांध्यात जंतुसंसर्ग झाला तर बोट कायमचे आखडू शकते. हातमोजे मारणाऱ्याची मूठ वाचवतात. त्यांनी मेंदूला बसणारा हादरा टळत नाही. म्हणून नववीतल्या मुलीने सरावात डोक्यावर जोराचे ठोसे घेऊ नयेत, मग कला कोणतीही असो. अंगावर जोराचा आणि डोक्याला हलका स्पर्श, अशी मर्यादा ठेवणारे शिक्षक असतात, त्यांच्याकडे जावे.

दुसरे म्हणजे, मारामारीतल्या गंभीर इजा अनेकदा ठोशाने होत नाहीत, ठोशानंतर डोके फरशीवर किंवा पदपथाच्या कडेवर आपटल्याने होतात. त्यामुळे हनुवटी छातीशी घेऊन पडायला शिकवणारी प्रत्येक कला मला डॉक्टर म्हणून मोलाची वाटते. पावसाळ्यात घसरून पडल्यावरही ती कामाला येते, आणि मारामारीपेक्षा तो प्रसंग पुष्कळ अधिक लोकांवर येतो.

घोडबंदरकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. अष्टकोन आणि कोपरीचे सर यांच्यातला मतभेद कायम असला, तरी विरोध करणारा जोडीदार हवा, यावर दोघेही एकाच जागी उभे आहेत असे मला दिसते.

मुलीशी आणि तिच्या सरांशी सविस्तर बोललो. कराटे सोडायची तिची तयारी नाही, कारण तिला ते आवडते, आणि जे आवडते तेच ती वर्षानुवर्षे करील, हेही मला महत्त्वाचे वाटते. काता तशाच ठेवून आठवड्यातून एक दिवस फक्त पकड, ढकलाढकल आणि सुटका यांचा मोकळा सराव घ्यायला सरांनी होकार दिला आहे. त्याशिवाय तिने कुस्ती किंवा ज्युदो यांपैकी काय जोडीला घ्यावे?

लाल_माती

घराजवळ मुलींना मॅटवर शिकवणारा आखाडा असेल तर कुस्ती. २०२३ साली सांगलीला महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडीने ती जिंकली आणि अंतिम लढतीत तिच्यासमोर आपल्या कल्याणची वैष्णवी पाटील होती. मुलींनी आखाड्यात काय करायचे, असे म्हणण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत. पट आणि निकाल एवढे दोन डाव पक्के झाले तरी पुष्कळ आहे.

कोपरीचे_कराटेसर

घोडबंदरकर, जिथे जाल तिथे आधी कोपऱ्यात बसून एक पूर्ण तास पाहा. विद्यार्थ्याचा डाव फसतो का, आणि फसल्यावर शिक्षक काय करतात, हे पाहा. जिथे शिक्षकांचा प्रत्येक डाव प्रत्येक वेळी लागतो, तिथे मुले त्यांना तो लागू देत असतात.

मेधा_सानपाडा

ज्युदोचा वर्ग मिळाला तर मी अर्थातच ज्युदो म्हणेन, कारण रस्त्यावर समोरच्याच्या अंगात कपडे असतात आणि आमची सगळी पकड कपड्यांचीच आहे. पण एक काळजी घ्या. क्लबहाउसमधल्या पातळ जोडचटया फेकीसाठी नसतात, त्यांवर ढकलाढकलीचा सराव ठीक आहे, फेक मात्र करू देऊ नका. तुमच्या सरांनी पहिला महिनाभर पडण्याचाच सराव घ्यावा. आधी पाठीवर झोपून हात आपटणे, मग उकिडवे बसून मागे पडणे, आणि दोन्ही नीट जमल्यावर उभ्याने. सरांची हरकत नसेल तर एखाद्या रविवारी मी येऊन मुलांना ते दाखवायला तयार आहे. सानपाड्याहून ठाण्याला थेट गाडी आहे.